कागद सोपा व्हावा, तर शेत स्वच्छ हवे : कृषी निर्यातीतील कार्यपद्धतींचे सुलभीकरण आणि कीडमुक्ततेचा पुरावा

मे 2025 मध्ये मुंबईहून विमानाने अमेरिकेस गेलेल्या आंब्याच्या सुमारे पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा येथील विमानतळांवर अडवण्यात आल्या. फळांत कीड आढळल्याची तक्रार नव्हती. नवी मुंबईत या फळांवर विकिरण उपचार झाले होते, असे निर्यातदारांचे म्हणणे होते. अमेरिकी अधिकाऱ्यांचा आक्षेप ‘पीपीक्यू 203’ या एका नमुन्यापुरता होता. उपचार झाल्याची साक्ष देणारा हा कागद योग्य रीतीने दिला गेलेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. निर्यातदारांपुढे दोनच पर्याय उरले : माल स्वखर्चाने परत आणणे किंवा तेथेच नष्ट करणे. विमानाने गेलेला नाशवंत माल परत आणणे परवडत नाही, म्हणून तो नष्ट झाला. निर्यातदारांनी नुकसानीचा अंदाज सुमारे पाच लाख डॉलर असा सांगितल्याचे वृत्तपत्रांत आले होते.

या घटनेवर सर्वसाधारण प्रतिक्रिया अशी उमटली, की एका कागदासाठी चांगली फळे फेकून दिली गेली. कीटकशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र प्रश्न थोडा वेगळा दिसतो. त्या कागदाला एवढे महत्त्व का असते, तो सोपा करण्यासाठी जगभर काय चालले आहे आणि त्यात शेतकरी व विस्तार कार्यकर्ता यांचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यापार सुलभीकरण म्हणजे नेमके काय?

माल एका देशातून दुसऱ्या देशात जाताना त्यावर आकारला जाणारा कर हा खर्चाचा एक भाग असतो. दुसरा भाग सहसा डोळ्यांआड राहतो : एकच माहिती चार कार्यालयांत चार वेगवेगळ्या नमुन्यांत भरणे, तपासणीसाठी ताटकळणे, बंदरावर कंटेनर अडकून पडणे, नियम आयत्या वेळी कळणे. हा दुसरा खर्च कमी करण्याच्या प्रयत्नास व्यापार सुलभीकरण म्हणतात. त्याची चार अंगे आहेत. कार्यपद्धती सोपी करणे, तिचे नमुने प्रमाणित करणे, निरनिराळ्या देशांच्या पद्धतींत एकरूपता आणणे आणि नियम सर्वांना आधी कळतील असे पाहणे.

जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार डिसेंबर 2013 मध्ये बाली येथे संमत झाला. भारताने एप्रिल 2016 मध्ये त्यास मान्यता दिली आणि 22 फेब्रुवारी 2017 रोजी तो अमलात आला. हा करार पूर्णपणे राबवल्यास जगातील व्यापारखर्च सरासरी 14.3 टक्क्यांनी घटू शकेल, असा अंदाज या संघटनेने 2015 च्या अहवालात मांडला होता. नाशवंत मालाची तपासणी शक्य तितक्या लवकर करावी व तपासणी होईपर्यंत त्याच्या योग्य साठवणुकीची सोय व्हावी, ही तरतूद या करारात स्वतंत्रपणे आहे. आंबा, द्राक्ष, डाळिंब आणि भाजीपाला पिकवणाऱ्यांच्या दृष्टीने ती विशेष महत्त्वाची आहे.

त्याच करारात आणखी एक गोष्ट स्पष्ट केलेली आहे. वनस्पती, प्राणी व मानव यांच्या आरोग्यरक्षणासाठी देशांना असलेले हक्क या कराराने कमी होत नाहीत. हे हक्क 1 जानेवारी 1995 पासून अमलात असलेल्या स्वच्छता व वनस्पती-आरोग्यविषयक करारातून आलेले आहेत. कीड रोखण्याचा देशाचा अधिकार अबाधित राहतो आणि तो बजावण्याची रीत तेवढी सोपी होऊ शकते. शास्त्रीय आधार नसलेली अट घालू नये आणि तपासणीच्या नावाखाली अकारण विलंब करू नये, हे बंधन मात्र प्रत्येक देशावर आहे.

सर्व देशांना समजणारा एक दाखला

कृषिमालापुरते पाहिल्यास प्रमाणीकरणाचे सर्वांत जुने व यशस्वी उदाहरण म्हणजे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र. निर्यातदार त्याला बोलीभाषेत नुसते ‘फायटो’ म्हणतात. 1951 मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार झाला आणि त्यातून या प्रमाणपत्राचा जगभर एकच नमुना रूढ झाला. निर्यात करणाऱ्या देशाची अधिकृत वनस्पती संरक्षण संस्था या दाखल्याद्वारे आयात करणाऱ्या देशाच्या संस्थेला सांगते, की ही खेप तपासली आहे, तुम्हाला नको असलेल्या किडी तिच्यात नाहीत आणि तुम्ही सांगितलेला उपचार तिच्यावर झाला आहे.

भारतात ही अधिकृत संस्था म्हणजे फरिदाबाद येथील वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालय. संगरोध म्हणजे परकी कीड-रोग देशात शिरू नयेत यासाठी केलेली अटकाव व तपासणीची व्यवस्था. संचालनालयाचे अधिकारी, तसेच राज्य कृषी विभागांतील अधिसूचित अधिकारी हा दाखला देतात. त्यासाठीचा अर्ज आता संकेतस्थळावरून करता येतो.

दाखल्यात ‘अतिरिक्त घोषणा’ नावाचा एक रकाना असतो. आयात करणारा देश एखाद्या विशिष्ट किडीचे नाव घेऊन हमी मागतो, तेव्हा ती हमी याच रकान्यात लिहावी लागते. नाव चुकले, उपचाराचे तापमान किंवा कालावधी लिहायचा राहिला, वजन बीजकाशी जुळले नाही, तर माल निर्दोष असूनही अडकतो. कागदी दाखल्यावरील खाडाखोड आणि बनावट शिक्के ही जुनी डोकेदुखी आहे. यावर उपाय म्हणून दाखला एका देशाच्या संगणकातून दुसऱ्या देशाच्या संगणकात थेट पाठवण्याची ‘ई-फायटो’ व्यवस्था उभी राहिली आहे. 2014 मध्ये तिचे तांत्रिक स्वरूप आंतरराष्ट्रीय मानकाच्या परिशिष्टात समाविष्ट झाले. पूर्वी प्रत्येक दोन देशांना आपसांत स्वतंत्र संगणकीय जोडणी करावी लागे. आता एका सामायिक केंद्राशी जोडले गेले, की त्या केंद्राशी जोडलेल्या इतर देशांशी देवाणघेवाण करता येते.

उपचार डोळ्यांना दिसत नाही

आंब्यातील फळमाशी, बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, पक्वतेकडे झुकलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. वरून फळ निर्दोष दिसते, आत अळी गर वाढत्या वेगाने नासवत असते. कोयीतील भुंगेरा त्याहून लपलेला असतो. फळ कापल्याशिवाय त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून केवळ नजरेच्या तपासणीवर कोणताही आयातदार देश विसंबून राहत नाही. तो उपचाराची अट घालतो.

हे उपचार देशागणिक निराळे आहेत. जपानने जून 2006 मध्ये भारतीय आंब्यावरील बंदी उठवताना बाष्प-उष्णता उपचाराची अट घातली. त्यात फळाच्या गराचे तापमान 47.5 अंश सेल्सिअसला नेऊन तेथे 20 मिनिटे टिकवावे लागते. युरोपसाठी फळे 48 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात 60 मिनिटे ठेवण्याची पद्धत रूढ आहे. अमेरिकेने 2007 मध्ये किमान 400 ग्रे मात्रेच्या विकिरणाच्या अटीवर आपली बाजारपेठ खुली केली. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लासलगाव येथील ‘कृषक’ केंद्रातून उपचारित आंबा त्याच वर्षी अमेरिकेस रवाना झाला.

उष्णतेच्या उपचारात अळी मरते. विकिरणात तसे घडेलच असे नाही. 400 ग्रे मात्रेने अळी तत्काळ मरत नाही. तिची पुढील वाढ खुंटते, ती प्रौढ होऊ शकत नाही किंवा झालीच तर प्रजननक्षम राहत नाही. कीड स्थायिक होण्याचा धोका यामुळे संपतो. पण अशा फळात परदेशी निरीक्षकाला वळवळणारी अळी सापडू शकते, आणि ती निर्धोक अळी आहे की उपचार न झालेल्या फळातील, हे तिच्याकडे पाहून सांगता येत नाही. विकिरण झाल्याची खूण फळावर उमटत नाही. मात्रामापकाची नोंद आणि तिच्या आधारे दिलेला दाखला एवढाच पुरावा उपलब्ध असतो.

मे 2025 मधील घटनेचे गांभीर्य येथे लक्षात येते. इतर मालाच्या बाबतीत कागद हरवला तर मालाची चाचणी पुन्हा करता येते. विकिरणित फळाच्या बाबतीत कागद आणि उपचार वेगळे करता येत नाहीत. म्हणूनच सुलभीकरणाचा अर्थ ‘कागद नको’ असा घेता येणार नाही. तो एकदाच, अचूक व पडताळता येईल असा भरला जावा आणि त्यातील चूक माल विमानात चढण्यापूर्वी लक्षात यावी, अशी व्यवस्था उभी करणे हे खरे सुलभीकरण होय.

विश्वास गमावण्याची किंमत

2013 मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या फळे-भाज्यांच्या 207 खेपांत फळमाशी व इतर किडी आढळल्या. परिणामी 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने आंबा, कारले, पडवळ, वांगे आणि अळू यांच्या आयातीवर बंदी घातली. हापूसच्या ऐन हंगामात हा निर्णय अमलात आला. कोकणातील बागायतदारांना ब्रिटनची बाजारपेठ त्या वर्षी गमवावी लागली. ज्यांच्या बागेत फळमाशीचे व्यवस्थापन उत्तम होते, त्यांची फळेही याच बंदीत सापडली. संगरोधाच्या जगात देश हा एकच उत्पादक मानला जातो, हे या घटनेने दाखवून दिले.

पुढील घटनाक्रमही तितकाच बोधप्रद आहे. युरोपकडे जाणारा माल अपेडाची मान्यता असलेल्या पॅकहाऊसमधूनच, वनस्पती संगरोध अधिकाऱ्यांच्या तपासणीनंतर पाठवण्याचे बंधन घालण्यात आले. युरोपीय तपासणी पथकाने येऊन सुधारणा पाहिल्या. जानेवारी 2015 मध्ये आंब्यावरील बंदी मुदतीपूर्वीच उठवण्याचा निर्णय झाला. भाज्यांना मात्र अधिक काळ थांबावे लागले.

द्राक्षाचा अनुभव याच्याशी जुळतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या उर्वरित अंशामुळे युरोपात द्राक्षांच्या खेपा अडकल्या आणि नाशिक-सांगली पट्ट्यातील बागायतदारांना मोठा आर्थिक फटका बसला. ‘ग्रेपनेट’ ही शेतनोंदणी ते निर्यात अशी माग काढण्याची प्रणाली त्यापूर्वीच अस्तित्वात होती. परंतु ज्या रसायनाची तपासणी यादीतच नव्हती, ते तिच्यात दिसणे शक्य नव्हते. प्रणाली कितीही चांगली असली तरी तिला विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे ती देते. त्यानंतर तपासणीच्या यादीत सुधारणा झाली आणि बागेतील फवारणीच्या नोंदींना नव्याने महत्त्व आले.

विश्वास वाढला की तपासणीचे ओझे कसे हलके होते, याचेही उदाहरण आहे. अमेरिकेचे निरीक्षक येथे येऊन उपचाराची पाहणी करत असत. महासाथीच्या काळात त्यांना प्रवास करता आला नाही आणि 2020 व 2021 हे दोन हंगाम अमेरिकेस आंबा गेला नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये दोन्ही देशांत समझोता झाला. या पूर्वतपासणीच्या पर्यवेक्षणाची जबाबदारी टप्प्याटप्प्याने भारतीय यंत्रणेकडे सोपवण्याचे ठरले आणि 2022 च्या हंगामात निर्यात पुन्हा सुरू झाली. एका देशाने केलेली तपासणी दुसऱ्याने ग्राह्य धरणे, हा सुलभीकरणाचा सर्वांत मोलाचा टप्पा आहे; आणि तो केवळ नोंदींच्या विश्वासार्हतेवर उभा असतो.

छत्तीसगडचा तांदूळ आणि खपरा भुंगेरा

भाताचे कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छत्तीसगडमधील गिरण्यांचा तांदूळ, विशेषतः उकडा तांदूळ, रेल्वे व रस्त्याने विशाखापट्टणम आणि काकीनाडा बंदरांकडे जातो आणि तेथून प्रामुख्याने आफ्रिकी देशांत पोहोचतो. सीमेपलीकडील गोंदिया व भंडारा हा पट्टाही भात आणि गिरण्यांचाच आहे. या भागासाठी सीमेवरील सर्वांत मोठा कीटकशास्त्रीय अडथळा म्हणजे खपरा भुंगेरा, ट्रोगोडर्मा ग्रॅनॅरियम.

या किडीची अळी केसाळ असते. परिस्थिती प्रतिकूल झाली की ती भिंतीच्या फटीत, पोत्याच्या शिवणीत, कंटेनरच्या लाकडी तळाखाली शिरून सुप्तावस्थेत जाते आणि अन्नाशिवाय दीर्घकाळ, प्रसंगी काही वर्षेही, तग धरते. सुप्त अळीवर धुरीच्या औषधांचा परिणामही कमी होतो. त्यामुळे गोदाम रिकामे करून पुन्हा भरले तरी कीड तेथेच असते. ज्या देशांत खपरा नाही, ते त्याचा धसका घेतात तो यामुळेच.

2011 पासून अमेरिका खपराग्रस्त देशांतून येणाऱ्या तांदळासोबत फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र आणि ‘तपासणीअंती खपरा आढळला नाही’ अशी अतिरिक्त घोषणा मागते. चीनने भारतीय बिगर-बासमती तांदळास दार उघडले ते जून 2018 मधील वनस्पती-आरोग्यविषयक मसुद्यानंतर, आणि तेही तपासून नोंदवलेल्या गिरण्यांपुरते. 2021 पासून ऑस्ट्रेलियाने तर जोखमीच्या कंटेनरवरही उपचाराची अट घातली. कंटेनरमधील माल धान्य नसला, तरी कंटेनर पूर्वी धान्य वाहून आलेला असू शकतो, हे त्यामागील कारण.

येथे घाईची किंमत कळते. बंद व वायुरोधक आच्छादनाखाली अॅल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी साधारण पाच ते सात दिवस वा अधिक ठेवावी लागते. जहाजाची तारीख जवळ आली म्हणून तिसऱ्याच दिवशी आच्छादन काढले, तर अंडी व सुप्त अळ्या जगतात, माल परदेशी बंदरात पकडला जातो आणि अर्धवट मात्रेतून वाचलेल्या किडींत औषधाला प्रतिकारशक्ती वाढीस लागते. छोटा धान्य भुंगेरा व लाल भुंगेरा यांच्यात फॉस्फिनविषयी अशी प्रतिकारशक्ती भारतात नोंदली गेली आहे. कागदावरचे ‘धुरी दिली’ हे दोन शब्द खरे ठरण्यासाठी प्रत्यक्षात सात दिवस द्यावे लागतात. कार्यपद्धती सोपी करता येते, किडीचे जीवशास्त्र बदलता येत नाही.

देशांतर्गत सुधारणा

मार्च 2015 मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने निर्यातीसाठी सर्वसाधारणपणे अनिवार्य असलेले दस्तऐवज तीनपर्यंत खाली आणले : वहनपत्र, पॅकिंग यादीसह बीजक आणि सीमाशुल्काचे शिपिंग बिल. 1 एप्रिल 2016 पासून आयातीसाठी सीमाशुल्क विभागाने एक खिडकी योजना सुरू केली. वनस्पती संगरोध, अन्न सुरक्षा, प्राणी संगरोध, औषध नियंत्रण यांसह सहा यंत्रणांना लागणारी माहिती एकाच घोषणापत्रात देण्याची सोय तिने केली. आता सर्वच खेपा उघडून पाहण्याऐवजी जोखीम पाहून खेपा निवडल्या जातात.

जोखीम ठरते ती इतिहासावरून. ज्या देशाच्या, पॅकहाऊसच्या किंवा निर्यातदाराच्या मालात पूर्वी कीड सापडली, त्याची तपासणी वाढते. ज्याच्या नोंदी स्वच्छ, त्याचा माल लवकर सुटतो. शेतातील कीडव्यवस्थापन आणि बंदरावरील वेग यांच्यातील हा थेट संबंध शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवणे हे विस्तार कार्याचे एक महत्त्वाचे अंग ठरावे.

विस्तार कार्यकर्ते व शेतकरी यांनी लक्ष द्यावयाच्या बाबी

1. निर्यातीचा देश हंगामापूर्वी निश्चित करावा. त्या देशाची किडींची यादी, उपचाराची अट आणि उर्वरित अंशाची मर्यादा लागवडीच्या नियोजनातच विचारात घ्यावी. काढणीनंतर देश बदलल्यास बहुधा अटीही बदलतात.

2. शेताची नोंदणी वेळेत करावी. आंबा, द्राक्ष व भाजीपाला यांसाठी अपेडाच्या संगणकीय प्रणालीत शेतनोंदणी कृषी विभागामार्फत होते. नोंदणी नसलेल्या शेतातील माल ऐनवेळी त्यात मिसळू नये. एका पेटीमुळे सबंध खेप बाद होते.

3. फवारणीची नोंद त्याच दिवशी लिहावी : औषधाचे शास्त्रीय नाव, मात्रा, तारीख, कीड. काढणीपूर्व प्रतीक्षा काळ काटेकोर पाळावा. वाढनियंत्रकांचीही नोंद ठेवावी.

4. फळमाशीसाठी गंध सापळे संपूर्ण परिसरात, सामूहिकपणे लावावेत. दापोली येथील कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा कोकणात परिचित आहे. गळलेली फळे रोज वेचून खोल पुरावीत. एकट्या बागेने सापळे लावून भागत नाही, कारण माशी बांध ओळखत नाही.

5. सापळ्यात सापडलेल्या माशांची साप्ताहिक संख्या वहीत लिहावी. हीच वही पुढे परदेशी तपासणी पथकासमोर पुरावा ठरते.

6. गोदामे व गिरण्यांत माल भरण्यापूर्वी फटी बुजवाव्यात, जुने बारदान वेगळे ठेवावे, तळाचे सांडलेले धान्य काढून टाकावे. अळीच्या टाकलेल्या केसाळ काती दिसल्यास खपऱ्याची शक्यता गृहीत धरून कीड ओळखून घ्यावी.

7. धुरी मान्यताप्राप्त संस्थेकडूनच द्यावी. तारीख, मात्रा, तापमान व आच्छादन उघडण्याची वेळ यांची नोंद घ्यावी आणि जहाजाच्या तारखेतून धुरीचे दिवस आधीच वजा करून ठेवावेत.

8. लाकडी पॅलेट व खोक्यांवर आंतरराष्ट्रीय मानकाची खूण आहे, याची खात्री करावी. लाकडाच्या गाभ्याचे तापमान 56 अंश सेल्सिअसवर किमान 30 मिनिटे ठेवणे हा त्यातील प्रचलित उपचार आहे. माल उत्तम असूनही पॅलेटमुळे खेप अडू शकते.

9. प्रमाणपत्रातील वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वजन, खोक्यांची संख्या, उपचाराचा तपशील आणि अतिरिक्त घोषणा या पाच गोष्टी माल निघण्यापूर्वी दुसऱ्या व्यक्तीकडून ताडून घ्याव्यात.

यातील बहुतेक बाबींना फारसा खर्च येत नाही. लागते ती नियमितता. संगणकीय प्रणालीमुळे दाखला काही क्षणांत समुद्रापार पोहोचेल. परंतु त्यात लिहिलेले प्रत्येक विधान बागेतील सापळ्यापाशी, फवारणीच्या वहीत किंवा गोदामातील आच्छादनाखाली घडलेले असावे लागते. विस्तार कार्यकर्त्यांनी येत्या हंगामापूर्वी आपल्या गटातील शेतकऱ्यांची नोंदवही एकदा अवश्य तपासून पाहावी. निर्यातीच्या वाटेवरील पहिली तपासणी तीच आहे, आणि त्या टप्प्यावर सापडलेली चूक दुरुस्त करता येते.